डिपर

प्रणोतीला अठरा पूर्ण होऊन अकरा दिवस झाले
आणि घरात गाडीशिवाय दुसरा विषय नाही.
तिच्या मोबाइलमध्ये एक लाल गाडी आहे,
छताला काच असलेली.
मी म्हटलं, पांढरकवड्याच्या उन्हात छताला काच?
पापड वाळवतं का माय, आत बसून?
ती हसली नाही.

सव्वीस वर्षं एसटी चालवली मी.
स्वतःची गाडी कधी घेतली नाही,
दिवसभर लोकांच्या पोळ्या लाटणारी बाई
रात्री घरी भातावर भागवते, तसं.
पण रस्ता मला पाठ आहे.
कापसाचा ट्रॅक्टर, दोन्हीकडून फुगलेला,
मागे लाल दिवा नाही.
सिमेंट रोडच्या कडेची वीतभर धार,
चाक उतरलं की स्टेअरिंग आपलं राहत नाही.
वणीकडून येणारे कोळशाचे टिप्पर.
आणि रोही.
रोहीला हॉर्न कळत नाही.

म्हणून डेपोच्या एका जुन्या कागदाच्या पाठीवर लिहिलं,
पहिली गाडी कशी हवी:
जड असावी. फार पळणारी नसावी.
एअरबॅगा दोन तरी.
ब्रेक दाबला की सरळ थांबावी, नाचू नये.
रंग पांढरा, सांजेला समोरच्याला दिसेल असा.
तिनं कागद वाचला, घडी घालून परत दिला.
"बाबा, हे तं तुम्ही एसटीच लिहून ठेवली."

घाटंजीची गाडी आरशासारखी चमकत होती.
गुणवंत मिस्त्रीनं दारावर बोटाचं पेर वाजवलं,
टरबूज वाजवावं तसं,
आणि मालकासमोरच म्हणाला, आत सगळी लांबी भरली हाये.
दुसरीचं रनिंग बत्तीस हजार सांगितलं.
मी खाली वाकून क्लचचं पेडल पाहिलं.
रबर झिजून तळहातासारखं गुळगुळीत.
काटा मागे फिरवता येतो,
पाय नाही फिरवता येत.

तिसरी मोहद्याच्या चांदेकर बाईंची,
रिटायर ग्रामसेविका. गाडी अकरा वर्षांची, राखाडी.
स्टेपनी अजून कोरी. डिकीच्या कोपऱ्यात
तुरीचे दाणे अडकलेले.
बाई म्हणाल्या, "थंडीत सुरू होताना दोनदा विचार करते.
करू द्यावा."

चालवून पाहायला निघालो तेव्हा दिवे लागले होते.
ती स्टेअरिंगवर, मी बाजूला,
आणि माझा उजवा पाय
रिकाम्या मॅटवर ब्रेक दाबत राहिला.

नाल्याच्या वळणानंतर दोन हिरवे डोळे.
सगळं माहीत असून माझा हात हॉर्नकडे गेला.
तिनं तो कोपरानं बाजूला सारला.
गाडी थांबली. सरळ थांबली,
तेवढ्यातही हे मी मनात टिपून घेतलं.
मग तिनं डिपर दिला,
मग दिवे पूर्ण बंद.

अंधार. इंजिनाची घरघर.
पराटीत काहीतरी खसखसलं,
बोनेटसमोरून एक मोठी सावली गेली
आणि तिच्यामागे दोन लहान,
जी मला उजेडात दिसलीच नव्हती.

"कोणी शिकवलं तुले हे?"
"कोणी नाही जी. क्लासवरून येतानी,
सायकलचा टॉर्च विझवला की जातेत ते."
"कधीपासून?"
"नववीपासून."

नववीपासून.
मी तेव्हा मुक्कामाच्या गाडीवर होतो.
ड्युटी संपल्यावर कुठल्यातरी गावच्या पारावर,
गाडीशेजारी अंथरूण टाकून,
पोरगी घरी पोहोचली असेल असं धरून झोपणारा.

बाईंनी एक लाख साठ सांगितले, दहा सोडले,
वर चहा पाजला.
मिस्त्री म्हणाला, सगळं ठीक हाये,
हॉर्न तेवढा बसका हाये, नवा टाकू का?
मी प्रणोतीकडे पाहिलं.
ती डिकीत वाकून
तुरीचे दाणे एकेक करून वेचत होती.